लहानांचा हिशेब

नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात छत्तीसगड हा पूर्वेकडचा मुलूख. १७८७ मध्ये बिंबाजी भोसले निवर्तले आणि रतनपूरचा दरबार मोडला. पुढे नागपूरहून पाठविलेल्या सुभेदारांनी तेथील कारभार पाहिला. जुन्या गढांच्या जागी परगणे आले, आणि परगण्यावर कमाविसदार नेमला गेला. परंतु कमाविसदार एकटा नव्हता. त्याच्या शेजारी जमाखर्च लिहिणारा फडनवीस होता. ही जोडी मराठी राज्यकारभाराच्या जुन्या शहाणपणातून आलेली होती. पेशवाईतही मामलेदाराच्या कचेरीत दिवाण, मुजुमदार, फडणीस असे दरखदार असत. त्यांना काढून टाकण्याचा अधिकार मामलेदारास नसे. पैसा ज्याच्या हातून खर्च होतो त्याच्याच हाती हिशेबाचा शेवटचा शब्द असू नये, एवढे साधे तत्त्व त्यामागे होते.

१८१८ नंतर इंग्रज अधीक्षक अॅग्न्यू याने रतनपूर सोडून रायपूर हे मुख्य ठाणे केले. सुभेदार गेले, कमाविसदार गेले. तरी मराठी कुटुंबे तेथेच राहिली. अशाच एका घरात १८७२ मध्ये वामन बळीराम लाखे यांचा जन्म झाला. हिशेबाच्या या जुन्या प्रश्नास रायपुरात नवे रूप मिळाले ते त्यांच्या हयातीत.

लाखे यांचे नाव प्रथम ऐकू येते ते एका मासिकाच्या संदर्भात. १९०० मध्ये माधवराव सप्रे आणि रामराव चिंचोलकर यांनी ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले. त्याच्या प्रकाशनाची जबाबदारी लाखे यांनी उचलली. मासिकाची योग्यता मोठी होती, पण वर्गणीदार थोडे होते. १९०२ च्या अखेरीस तोट्यामुळे ते बंद करावे लागले. सप्रे पुढे हिंदी गद्याचे एक शिल्पकार ठरले. ‘दासबोध’ आणि ‘गीतारहस्य’ त्यांनी हिंदीत आणले. लाखे वकील झाले आणि सहकाराकडे वळले. १९१३ मध्ये रायपूर येथे सहकारी मध्यवर्ती बँक स्थापन झाली. तिचे मानद चिटणीसपद लाखे यांनी वर्षानुवर्षे सांभाळले.

या बँकेचे स्थान समजण्यासाठी त्या काळची सहकाराची रचना ध्यानी घेतली पाहिजे. तळाशी खेड्यातील पतपेढी होती. १९०४ च्या कायद्याप्रमाणे दहा माणसे एकत्र आली की ती स्थापन करता येई. या पतपेढीस कर्ज देई ती जिल्ह्याची मध्यवर्ती बँक, आणि बँकेत ठेवी ठेवीत ते शहरातील वकील, व्यापारी, मालगुजार. रायपुरातील ठेवीदाराने ते खेडे कधी पाहिलेले नसे. खेड्यातील कर्जदाराने बँकेची पायरी चढलेली नसे. या दोघांच्या मध्ये विश्वास ठेवण्याजोगे काही असेल, तर ते पतपेढीचे हिशेबपत्रक.

त्यातच खेड्यातील पतपेढी अमर्याद जबाबदारीवर चाले. एका सभासदाने कर्ज बुडविले तर उरलेल्यांची शेते आणि बैल त्या कर्जास जबाबदार. कंपनीचा भागधारक फार तर आपल्या भागाची रक्कम गमावतो; येथे शेजाऱ्याच्या चुकीपायी घर जाण्याचा संभव होता. आणि असा जीवावरचा व्यवहार ज्या वहीत लिहिला जाई, ती वही बहुतेक सभासदांना वाचता येत नसे.

म्हणून कायद्याने एक निर्णय घेतला. संस्था कितीही लहान असो, तिचे हिशेब वर्षातून निदान एकदा तपासले गेलेच पाहिजेत, आणि ते तपासून घेण्याचे काम सरकारी निबंधकाचे. १९१२ च्या कायद्याने याच कलमात भर घातली. केवळ बेरीज-वजाबाकी जुळते की नाही एवढे पाहून भागणार नाही. थकलेली कर्जे तपासली पाहिजेत, येणे आणि देणे यांचे खरे मोल ठरविले पाहिजे. १९१५ मध्ये मॅक्लॅगन समितीने आणखी पुढचे पाऊल सुचविले: तपासनिसाने कायद्याच्या शब्दापलीकडे जाऊन संस्थेची एकंदर प्रकृती कशी आहे याची विचारपूस करावी.

कीर्द आणि खतावणी जुळते, शिल्लक रक्कम पेटीत मिळते, तरीही संस्था आतून पोकळ असू शकते. जुने कर्ज नव्या कर्जाने फेडल्याचे दाखवावे, हातात न आलेले व्याज नफ्यात धरावे, की कागदावर सारे आलबेल. १९३० नंतरच्या मंदीत धान्याचे भाव कोसळले आणि मध्यप्रांत-वऱ्हाडातील अनेक पतपेढ्यांची कर्जे थकली. अशा वेळी थकबाकी वेळीच उघड करणारी तपासणी आणि नुसती सही करणारी तपासणी यांतला फरक पुस्तकी राहत नाही. तो शेतकऱ्याच्या दारात येऊन उभा राहतो.

योगायोग असा की, ज्या १९१३ मध्ये रायपूरची बँक स्थापन झाली, त्याच वर्षी हिंदुस्थानचा नवा कंपनी कायदाही मंजूर झाला. आणि त्याने लहानांच्या बाबतीत उलटी वाट धरली. त्यात ‘खाजगी कंपनी’ हा वर्ग आला: पन्नासांच्या आत सभासद, आणि भाग बाहेरच्यास विकण्यावर बंधन. अशा कंपनीने आपला ताळेबंद सरकारदप्तरी दाखल करण्याची गरज नव्हती, आणि तिच्या तपासनिसाजवळ सरकारी प्रमाणपत्र असलेच पाहिजे असेही नव्हते. घरच्या माणसांनी घरचा पैसा गुंतविला आहे. जगाने त्यात का डोकवावे, हा त्यामागचा विचार.

हा विचार विलायतेतून आला होता. तेथे १८४४ च्या कायद्याने कंपन्यांस तपासनीस नेमावयास लावले. १८५६ मध्ये ती सक्ती उठली. मग १८७८ मध्ये सिटी ऑफ ग्लासगो बँक बुडाली. तिचे ताळेबंद खोटे होते, आणि तिच्या भागधारकांची जबाबदारी अमर्याद होती. बहुसंख्य भागधारक धुळीस मिळाले. पुढच्याच वर्षी बँकांच्या हिशेबतपासणीचा कायदा झाला आणि १९०० मध्ये ती सक्ती सर्व कंपन्यांस लागू झाली. १९०७ मध्ये खाजगी कंपनीस ताळेबंद जाहीर करण्यापासून सूट मिळाली. तीच १९१३ मध्ये येथे उतरली.

स्वातंत्र्यानंतर भारताने ही सूट आखडती घेतली. १९४९ मध्ये सनदी लेखापालांचा कायदा झाला, आणि १९५६ च्या कंपनी कायद्याने खाजगी कंपनीसही सनदी लेखापालाकडूनच तपासणी करून घेणे भाग पाडले. २०१३ च्या कायद्याने मात्र ‘लहान कंपनी’ असा निराळा वर्ग केला. आरंभी तिच्या भरणा झालेल्या भांडवलाची मर्यादा पन्नास लाख आणि उलाढालीची दोन कोटी होती. २०२२ मध्ये या मर्यादा चार कोटी आणि चाळीस कोटींवर गेल्या. अशा कंपनीस रोख रकमेच्या ओघाचे पत्रक जोडावे लागत नाही, संचालकांच्या दोन सभा वर्षास पुरतात, वार्षिक विवरणही संक्षिप्त चालते. हिशेबाचे ओझे हलके झाले. तपासणी मात्र कायम राहिली. इंग्लंडने १९९४ पासून अगदी लहान कंपन्यांस तपासणीतूनही मोकळे केले होते. भारतातही २०२१ मध्ये राष्ट्रीय वित्तीय अहवाल प्राधिकरणाने, लहान कंपन्यांस सक्तीच्या तपासणीची गरज आहे काय, असा प्रश्न विचारार्थ मांडला.

प्रश्न अवाजवी नाही. आजच्या रायपुरात, उरला आणि सिलतरा येथील औद्योगिक वसाहतींत, लहान कारखाने पुष्कळ आहेत. जेथे पतिपत्नी हेच संचालक आणि तेच भागधारक, तेथे तपासनिसाने कोणाचा हिशेब कोणास सांगावयाचा? त्याची फी मात्र लहान धंद्यास जड जाते. परंतु याच कंपनीने बँकेचे कर्ज काढले, उधारीवर माल घेतला, कामगारांचा भविष्यनिर्वाह निधी कापला, की तिच्या पेटीत परक्याचा पैसा येतो. तिचे आकारमान तेच राहते. तिची जबाबदारी तेवढीच राहत नाही.

कायद्यालाही हे भान आहे असे त्याच्या अपवादांवरून दिसते. सार्वजनिक कंपनी कितीही छोटी असली तरी ती ‘लहान कंपनी’ ठरत नाही. धर्मादाय हेतूने काढलेली कंपनीही ठरत नाही. २००२ च्या दुरुस्तीने शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपन्या अस्तित्वात आल्या. त्यांना तर वार्षिक तपासणीखेरीज अंतर्गत तपासणीचेही बंधन आहे. भांडवल थोडे, पण सभासद पुष्कळ आणि त्यांतले बहुतेक हिशेबाच्या वहीपासून दूर. १९१२ च्या कायद्याने पतपेढीकडे ज्या नजरेने पाहिले, तीच ही नजर.

लाखे यांना १९१६ मध्ये सरकारने रायसाहेब ही पदवी दिली. १९२० च्या असहकारात त्यांनी ती परत केली. पदवी परत करणे त्यांना शक्य झाले. बँकेतील लोकांच्या ठेवींची जबाबदारी त्यांनी टाकली नाही. १९४५ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, बलौदा बाजार येथे शेतकऱ्यांची सहकारी भातगिरणी उभी करण्यात त्यांनी पुढाकार घेतला. १९४८ मध्ये ते वारले.

संस्थेचा लहानपणा रुपयांनी मोजावा, की तिच्यावर विसंबून असलेल्या माणसांनी? कमाविसदाराशेजारी फडनवीस बसविणाऱ्यांनी आणि पतपेढीच्या दारी तपासनीस धाडणाऱ्यांनी आपापल्या परीने दुसरे माप पसंत केले. हिशेबाचे कागद कमी करावेत, भाषा सोपी करावी, फीचा भार उतरवावा. त्यात लहानांचे हितच आहे. पण वही ज्याला वाचता येत नाही, त्याच्या वतीने ती वाचणारा कोणी तरी असला पाहिजे. ती सोय काढून घेतली, तर सवलत मिळते ती संस्थेला, आणि तिची किंमत भरतो तो सभासद.