वैरागडचे हिरे आणि आपली पारख

आमच्या जिवतीच्या डोंगरात नावाचा माणिकगड आहे. हिऱ्यांचा इतिहास मात्र वैरागडचा, आजच्या गडचिरोली जिल्ह्यातला. चांद्याच्या गोंड राजाच्या ताब्यातील तिथल्या खाणीची नोंद सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त केली. त्याच्या हजार वर्षे आधी वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त हिऱ्यातले दोष सांगितले होते : कावळ्याच्या पायासारखी खूण, माशीसारखा ठिपका, केसासारखी रेघ. आजचा पारखीही दहापट भिंगातून असलेच डाग शोधतो; शिवाय पैलू, रंग आणि वजन पाहतो. एक कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम. दागिना घेणाऱ्यांना मी एवढेच सांगेन : हॉलमार्क सोन्याची ग्वाही देतो, हिऱ्याची नाही. हिरा खाणीतला की प्रयोगशाळेतला, हे सांगणारे प्रमाणपत्र वेगळे मागून घ्या.