व्हॅनिटी फेअर (कादंबरी)

व्हॅनिटी फेअर ही विल्यम मेकपीस थॅकरे (१८११–१८६३) या इंग्रज लेखकाची ६७ प्रकरणांची कादंबरी आहे. लंडनच्या ब्रॅडबरी अँड एव्हान्स या प्रकाशनसंस्थेने ती जानेवारी १८४७ ते जुलै १८४८ या काळात मासिक हप्त्यांनी प्रसिद्ध केली आणि १८४८ मध्येच ती ग्रंथरूपाने आली. ग्रंथाला लेखकाने ‘नायक नसलेली कादंबरी’ असे उपशीर्षक दिले. कादंबरीतील जवळजवळ प्रत्येक पात्र स्वार्थी, खोटे, दुबळे किंवा आत्मवंचना करणारे आहे. लेखक या पात्रांकडे नेमक्या कोणत्या दृष्टीने पाहतो, याबद्दल वाचकांत पहिल्या हप्त्यांपासूनच दोन तट पडले.

नाव आणि प्रकाशन

शीर्षक जॉन बन्यन यांच्या ‘द पिलग्रिम्स प्रोग्रेस’ (१६७८) या रूपककथेतून घेतले आहे. त्या कथेत यात्रेकरूंच्या वाटेवर एक बाजार लागतो आणि तेथे पदव्या, मानमरातब, सुखे असे सर्व काही विकायला असते. ही रूपककथा हरि केशवजी यांच्या ‘यात्रिकक्रमण’ (१८४१) या अनुवादाने थॅकरे यांच्या कादंबरीच्या आधीच मराठीत आली होती. बन्यन यांच्या कथेतील यात्रेकरू तो बाजार ओलांडून पुढे जातात; थॅकरे यांच्या कादंबरीत बाजाराबाहेर कोणी पडतच नाही.

एक शिलिंग किमतीचे, पिवळ्या वेष्टनाचे हे हप्ते डिकन्स यांच्या ‘डॉम्बी अँड सन’च्या हप्त्यांबरोबरच बाजारात होते. शेवटचा हप्ता जोडअंक होता. चित्रे स्वतः थॅकरे यांनीच काढली. पुढील वादात या चित्रांनाही महत्त्व आले.

कथानक

बेकी शार्प ही चित्रकलेच्या शिक्षकाची निर्धन, पोरकी मुलगी. अमेलिया सेडली ही सधन दलालाची लाडकी लेक. दोघी एकाच शाळेतून बाहेर पडतात. भेट मिळालेला जॉन्सन यांचा शब्दकोश बेकी गाडीच्या खिडकीतून भिरकावते, तेव्हाच तिची ओळख पटते. अमेलियाचा भाऊ जॉस हा बंगालमधील एका काल्पनिक जिल्ह्याचा कलेक्टर. त्याला जाळ्यात ओढण्याचा बेकीचा प्रयत्न फसतो. मग ती एका सरदार घराण्यात मुलींची शिक्षिका होते आणि त्या घरातील धाकट्या मुलाशी, रॉडन क्रॉली या जुगारी लष्करी अधिकाऱ्याशी, गुपचूप लग्न करते.

अमेलियाच्या वडिलांचे दिवाळे निघते. तिचा पती जॉर्ज ऑस्बोर्न लग्नानंतर काही आठवड्यांतच बेकीला पळून जाण्याची चिठ्ठी देतो आणि वॉटर्लूच्या लढाईत (१८१५) मारला जातो. अमेलिया मात्र अनेक वर्षे त्याच्या तसबिरीची पूजा करते आणि तिच्यावर मूकपणे प्रेम करणाऱ्या विल्यम डॉबिनला ताटकळत ठेवते. इकडे बेकी व रॉडन उधारीवर लंडनमध्ये थाटात राहतात. कर्जापायी अटक झालेला रॉडन सुटून घरी येतो, तेव्हा बेकी त्याला धनाढ्य लॉर्ड स्टीनबरोबर एकांतात सापडते. संसार मोडतो. पुढे युरोपात भटकणारी बेकी पुन्हा जॉसला गाठते. जॉसचा मृत्यू होतो आणि त्याच्या विम्याच्या रकमेत बेकीला वाटा मिळतो.

वादाचे मूळ

जुलै १८४७ मध्ये आईला लिहिलेल्या पत्रात थॅकरे यांनी आपला हेतू सांगितला आहे. देवाला विसरून जगणारी, स्वतःवर खूश असलेली माणसे त्यांना दाखवायची होती. खरी नम्रता त्यांनी तोवर डॉबिन व ब्रिग्ज या दोनच पात्रांना दिली होती. हा हेतू नीतिवादी लेखकाचा आहे. परंतु कादंबरीचा निवेदक तसा वागत नाही. तो बेकीच्या लबाडीचा निषेध करतो आणि त्याच वाक्यात तिच्या हुशारीची मजा घेतो. वाचकाला तो वारंवार विचारतो, की तुम्ही तरी याहून निराळे आहात काय? वर्षाला पाच हजार पौंड मिळाले असते तर आपणही सद्वर्तनी झालो असतो, असे बेकीला वाटते, आणि निवेदक हा विचार खोडून काढण्याऐवजी त्यात तथ्य असेल असे सुचवतो. या जागी अनेक वाचकांचा पाय अडखळला.

समकालीन मते

समीक्षक जी. एच. लुईस यांनी १८४८ मध्ये थॅकरे यांच्या प्रतिभेचे कौतुक केले, पण माणसाचे असे सरसकट काळे चित्र सत्य नाही, असा आक्षेप घेतला. पाच हजार पौंडांचा उल्लेख त्यांना विशेष खटकला. जॉन फॉर्स्टर यांनीही साधारण हीच तक्रार केली: दुर्गुणांच्या या कोंदट हवेत मोकळा श्वास घ्यायला जागा हवी होती. ‘फ्रेझर्स मॅगझिन’मध्ये रॉबर्ट बेल यांनी तसाच सूर लावला, तेव्हा थॅकरे यांनी त्यांना सप्टेंबर १८४८ मध्ये पत्र लिहून उत्तर दिले. शेवटी प्रत्येक वाचक असमाधानी राहावा हाच आपला उद्देश आहे, कारण स्वतःच्या आयुष्याच्या कथेबद्दलही माणसाने तसेच असमाधानी असले पाहिजे, असे त्याचे सार होते.

दुसऱ्या तटात शार्लट ब्रॉन्टी होत्या. त्यांनी ‘जेन एअर’ची दुसरी आवृत्ती थॅकरे यांना अर्पण केली आणि सत्ताधीशांना कटू सत्य ऐकवणाऱ्या बायबलमधील प्रेषिताशी त्यांची तुलना केली. थॅकरे यांची पत्नी मानसिक आजाराने ग्रस्त होती, हे ब्रॉन्टी यांना ठाऊक नव्हते. ‘जेन एअर’मधील रॉचेस्टरची पत्नीही वेडी असल्याने त्या अर्पणपत्रिकेवरून नको त्या वावड्या उठल्या.

‘क्वार्टर्ली रिव्ह्यू’च्या डिसेंबर १८४८ च्या अंकातील एलिझाबेथ रिग्बी यांचा निनावी लेख या संपूर्ण वादात अधिक वाचनीय आहे. त्यांनी ‘जेन एअर’वर कठोर टीका केली आणि ‘व्हॅनिटी फेअर’ची स्तुती केली, मात्र हे पुस्तक मनाला क्लेश देणारे आहे असेही नोंदवले. पात्रे आपल्यासारखीच असल्यामुळे हे क्लेश होतात, असे त्यांचे निदान होते. आपल्या सद्गुणी नायिकेपेक्षा निर्दय बेकी सहन करणे सोपे जाते, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले.

बेकीने खून केला काय?

जॉसच्या मृत्यूबद्दल मजकुरात स्पष्ट आरोप कोठेही नाही. विमा कंपनीला संशय येतो, एवढेच सांगितले आहे. परंतु थॅकरे यांच्या चित्रात बेकी पडद्याआड उभी आहे आणि चित्राखालील ओळीत तिला क्लायटेम्नेस्ट्रा, म्हणजे ग्रीक कथेतील पतिघातिनी राणी, म्हटले आहे. शिवाय तिच्या वकिलांना दिलेली बर्क, थर्टेल आणि हेझ ही नावे कुप्रसिद्ध खुन्यांची आहेत. रिग्बी यांनी वाचकांना ते चित्र पुस्तकातून कापून टाकण्याचा सल्ला दिला; बेकी इतकी खाली जाणार नाही, असे त्यांचे मत होते. थॅकरे यांनी अखेरपर्यंत निवाडा दिला नाही, आणि आजही वाचकांत याबाबत एकवाक्यता नाही.

अमेलियाबद्दल

काळ पुढे सरकला तसा वाद बेकीकडून अमेलियाकडे वळला. तिच्याकडे सालस पत्नी व प्रेमळ माता म्हणून पाहणारे वाचक होते; उलट तिचा चांगुलपणा हाच एक सोयीस्कर स्वार्थ आहे, असे मानणारेही होते. दुसऱ्या मताला कादंबरीत भक्कम आधार आहे. डॉबिनचे प्रेम ती वर्षानुवर्षे वापरून घेते आणि शेवटी निवेदकच तिला आश्रयावर जगणाऱ्या वेलीची उपमा देतो. लग्नानंतर डॉबिनचे मन पत्नीपेक्षा मुलीत आणि पंजाबच्या इतिहासावरील आपल्या ग्रंथात रमते, हा सुखान्ताला बसलेला चटका अनेकांच्या लक्षातही येत नाही. याउलट जुगारी रॉडन हा पुत्रप्रेमामुळे हळूहळू सुधारणारा माणूस आहे, आणि या दीर्घ पसाऱ्यात खरा बदल त्याच्यातच घडतो.

विसाव्या शतकातील दृष्टी

पुढील पिढ्यांना पात्रांच्या दुर्गुणांचे वावडे राहिले नाही. त्यांना निवेदकाची बडबड खटकू लागली. पर्सी लबक यांनी ‘द क्राफ्ट ऑफ फिक्शन’ (१९२१) मध्ये थॅकरे प्रसंग उभे करण्याऐवजी दुरून वर्णन करतात, याची चर्चा केली. एफ. आर. लीव्हिस यांनी ‘द ग्रेट ट्रॅडिशन’ (१९४८) मध्ये त्यांना श्रेष्ठ कादंबरीकारांच्या परंपरेत स्थान दिले नाही. निवेदकाची ही ढवळाढवळ काढून टाकली तर वाचकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणारा आवाजही जाईल, हे मात्र अशा आक्षेपांत सुटते.

वसाहतीच्या संदर्भातही कादंबरी तपासली गेली. थॅकरे यांचा जन्म कलकत्त्याचा, वडील ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत. जॉसच्या रूपाने कंपनीच्या सुखासीन अधिकाऱ्याची ते यथेच्छ थट्टा करतात. परंतु मिस श्वार्ट्झ ही मिश्रवंशीय वारसदार आणि सेडलींचा कृष्णवर्णीय नोकर यांच्या चित्रणात त्या काळचे वंशविषयक पूर्वग्रह उघड दिसतात.

रूपांतरे

रूबेन मामूलियन यांचा ‘बेकी शार्प’ (१९३५) हा तीन रंगपट्ट्यांच्या टेक्निकलर तंत्राने संपूर्ण चित्रित झालेला पहिला कथापट होय. मीरा नायर यांच्या २००४ मधील चित्रपटात रीझ विदरस्पून यांनी बेकीची भूमिका केली. त्यातील बेकी फारच सहानुभूतीने रंगवली गेली, अशी तक्रार झाली. मूळ कादंबरीत जॉसचा संशयास्पद मृत्यू होतो. या चित्रपटाच्या शेवटी बेकी त्याच्याबरोबर भारतात हत्तीवर बसलेली दिसते.