प्रोस्टेटचा सुरुवातीचा कर्करोग: लगेच उपचार की देखरेख?

पीएसए वाढलेला, बायोप्सीत कर्करोग निघाला, पण गाठ प्रोस्टेटच्या आतच आहे. असा रिपोर्ट आला की घरात पहिला प्रश्न येतो, ऑपरेशन कधी? पेडणे-डिचोलीतले आणि सीमेपलीकडच्या सावंतवाडी-दोडामार्गचेही अनेक रुग्ण मग बांबोळीच्या गोमेकॉची वाट धरतात. मात्र काहींच्या बाबतीत लगेच ऑपरेशन न करणं हाही रीतसर वैद्यकीय पर्याय असतो.

देखरेख कुणाला चालते?

साधारणपणे पीएसए १० पेक्षा कमी, ग्लीसन स्कोअर ६ आणि गाठ लहान असेल तर धोका कमी समजतात. ग्लीसन ८ ते १० असेल तर देखरेखीवर थांबत नाहीत. ७ असेल तर निर्णय रुग्ण बघून होतो.

देखरेख म्हणजे काय?

देखरेख म्हणजे 'काहीच करायचं नाही' असं नव्हे. साधारण दर सहा महिन्यांनी पीएसए, वर्षातून एकदा डॉक्टरांची तपासणी आणि ठरावीक काळाने एमआरआय किंवा पुन्हा बायोप्सी करावी लागते. आजार पुढे सरकतोय असं दिसलं की उपचार सुरू होतात.

आकडे काय सांगतात?

ब्रिटनमधल्या 'प्रोटेक्ट' अभ्यासात ५० ते ६९ वयाच्या १,६४३ पुरुषांचे देखरेख, शस्त्रक्रिया आणि रेडिएशन असे तीन गट केले होते. १५ वर्षांचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. प्रोस्टेटच्या कर्करोगाने झालेले मृत्यू तिन्ही गटांत ३ टक्क्यांच्या आसपासच होते. पण आजार शरीरात इतरत्र पसरण्याचं प्रमाण देखरेखीत ९.४ टक्के, तर शस्त्रक्रियेत ४.७ आणि रेडिएशनमध्ये ५ टक्के होतं. देखरेखीतल्या सुमारे ६१ टक्के लोकांना पुढे कधीतरी शस्त्रक्रिया किंवा रेडिएशन घ्यावं लागलं. सहभागी बहुतेक गोरे ब्रिटिश होते, हेही लक्षात ठेवावं.

उपचारांचीही किंमत असते. शस्त्रक्रियेनंतर सहा वर्षांनीही १७ टक्के पुरुषांना लघवी गळते म्हणून पॅड वापरावं लागत होतं; देखरेखीत हे प्रमाण ८ टक्के होतं. लैंगिक क्षमतेवर परिणाम होतो, रेडिएशनमुळे शौचाचा त्रासही होऊ शकतो.

ठरवण्याआधी

• लघवीचा संसर्ग, कॅथेटर किंवा साधी प्रोस्टेटवाढ यांनीही पीएसए वाढतो. फिनास्टेराइड, ड्युटास्टेराइड गोळ्यांनी तो जवळपास निम्मा दिसतो. चालू औषधं डॉक्टरांना सांगा.
• पीएसए शक्यतो एकाच लॅबमध्ये करा, सगळे रिपोर्ट एका फाइलमध्ये ठेवा. राज्य बदललं की जुने कागदच कामी येतात.
• वय, मधुमेह, हृदयविकार यांचा विचार करा. तपासणीच्या तारखा पाळणं जमणार नसेल तर देखरेख धोक्याची.
• सरकारी योजनेचं कार्ड दुसऱ्या राज्यात चालेलच असं नाही. आधी चौकशी करा.
• कमी धोक्याच्या आजारात सहसा काही आठवडे विचाराला मिळतात. दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घ्यायला संकोच नको.

लघवी अडली, लघवीतून रक्त आलं, पाठ-कंबर सतत दुखू लागली किंवा पायांतली ताकद गेली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता लगेच रुग्णालय गाठा.