सवडीचा विजय

संगणकाने बुद्धिबळात माणसाला हरवलं, ही गोष्ट आपल्याला पाठ आहे. पण तिच्यातलं पत्राने खेळल्या जाणाऱ्या बुद्धिबळाचं पान सहसा कोणी उघडत नाही.

२००५ साली लंडनमध्ये 'हायड्रा' या यंत्राने ग्रँडमास्टर मायकेल ॲडम्सला सहा डावांत ५.५-०.५ असं लोळवलं. सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासणारं यंत्र ते! आणि गंमत बघा, त्याच सुमारास बर्लिनच्या आर्नो निकेल यांनी पत्राने खेळलेल्या दोन्ही डावांत हायड्राला हरवलं. त्यांना दुसऱ्या बुद्धिबळ-प्रोग्रॅम्सची मदत घ्यायची मुभा होती, पण वेगात ते हायड्राच्या जवळपासही नव्हते.

मग जिंकलं काय? माझ्या मते, सवड. यंत्र ठरावीक खोलीपर्यंत बघून थांबायचं. माणूस मात्र एकेका खेळीवर दिवसचे दिवस बसून लांबचा बेत आखू शकायचा, आणि तो यंत्राकडूनच तपासून घ्यायचा.

पण पुढे यंत्रं इतकी सुधारली की हा फायदाही आटला. जॉन एडवर्ड्स यांनी २०२२ साली जिंकलेल्या ३२व्या जागतिक पत्र-बुद्धिबळ अजिंक्यपद स्पर्धेत बहुतेक डाव बरोबरीत सुटले. दोन्ही बाजूंना तशीच यंत्रं, मग चुकणार कोण?

हरणं जवळजवळ संपलं, तसं जिंकणंही. तरी लोक महिनोन् महिने खेळतातच... विचार करण्यातला आनंद निकालावर अवलंबून नसावा बहुधा. तुम्हाला काय वाटतं?