पाषाण, देवरहाटी आणि पालखी : रत्नागिरीची शक्तिउपासना

परशुरामभूमी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या कोकणपट्टीत ग्रामदेवता नाही असा गाव विरळाच. कोठे ती जाखाई, कोठे जुगाई, कोठे वाघजाई, नवलाई, पावणाई, सोमजाई वा काळकाई. ‘आई’ हा शब्द तिच्या नावातच आहे. यांतील बहुतेक नावे पुराणांत शोधू गेल्यास सापडत नाहीत. तरीही गावचे पान तिच्यावाचून हलत नाही. पेरणी असो, लगीनकार्य असो की मुलगा मुंबईस चाकरीला निघणार असो, आधी देवीला गाऱ्हाणे, मग बाकीचे. मंदिराचा जीर्णोद्धार करताना ही माउली मूळची कोण, हे जाणून घेणे अगत्याचे आहे. कारण घर नवे झाले तरी घरधनीण जुनीच असते.

शास्त्रग्रंथांत शक्तीचे माहात्म्य फार प्राचीन आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात वाक् आम्भृणी या ऋषिकेच्या नावे असलेल्या सूक्तात साक्षात देवीच बोलते. केनोपनिषदात विजयाच्या गर्वाने फुगलेल्या देवांना गवताची एक काडीही जाळता किंवा हलविता येत नाही. तेव्हा तो विजय खरा कोणाचा हे इंद्राला उमा हैमवती सांगते. मार्कंडेय पुराणातील देवीमाहात्म्य, म्हणजेच सप्तशती, १३ अध्यायांची व तीन चरित्रांची आहे. महिषासुरापुढे एकेकटे देव हतबल झाले. मग सर्वांनी आपापले तेज एकत्र केले आणि त्या तेजातून देवी प्रगट झाली. ज्याच्याजवळ जे होते ते त्याने दिले, तेव्हा शक्ती उभी राहिली. वर्गणीतून व श्रमदानातून मंदिर उभारणाऱ्या गावाने ही कथा नीट ध्यानात ठेवावी.

महाराष्ट्रात कोल्हापूर, तुळजापूर, माहूर ही तीन पूर्ण व वणीची सप्तशृंगी हे अर्धे, अशी साडेतीन पीठे मानली जातात. रत्नागिरी जिल्हाही या बाबतीत दरिद्री नाही. राजापूर तालुक्यात आडिवरे येथे महाकाली, महालक्ष्मी आणि महासरस्वती यांची स्थाने जवळजवळ आहेत. सप्तशतीतील तिन्ही चरित्रांच्या देवता जणू एका गावी नांदतात. रत्नदुर्गाच्या बालेकिल्ल्यात भगवती आहे. चिपळूणजवळ रावतळे येथे विंध्यवासिनी, तर दापोली तालुक्यात मुरूड येथे दुर्गादेवी आहे.

परंतु या पुराणप्रसिद्ध नावांच्या खाली आणखी एक जुना थर आहे. तो पाषाणाचा, झाडाचा व मातीचा. कित्येक देवळांत मूर्तीच्या शेजारी आजही बिनघडीव तांदळा पुजला जातो. गोवळकोटच्या करंजेश्वरीच्या नावात करंजाचे झाड आहे. १ मे १९८१ रोजी वेगळा सिंधुदुर्ग जिल्हा झाला, तोवर रत्नागिरीतच असलेल्या दक्षिणेकडील तालुक्यांत सातेरी वारुळाच्या रूपात पुजली जाते. वारूळ हे भूमातेचेच प्रतीक होय, असे डॉ. रा. चिं. ढेरे यांनी ‘लज्जागौरी’ (१९७८) या ग्रंथात दाखविले आहे. भाद्रपदात तेरड्याची किंवा पाणवठ्यावरच्या खड्यांची गौर घरी आणणारी सुवासिनी हीच जुनी पूजा करीत असते. गावच्या देवीला पुढे पुराणातील नाव मिळाले म्हणून जुनी देवी गेली असे नव्हे. दोन प्रवाह एक झाले. म्हणून नव्या संगमरवरी मूर्तीच्या हौसेपायी जुना तांदळा कोपऱ्यात टाकू नये.

देवीचे घर चार भिंतींत संपत नाही. तिच्या नावे राखलेली देवरहाटी हेही तिचेच आवार. तेथे कुऱ्हाड लावायची नाही हा पूर्वजांचा दंडक होता आणि म्हणूनच तेथे जुनी झाडे उरली. डॉ. वा. द. वर्तक व डॉ. माधव गाडगीळ यांनी १९७० नंतरच्या दशकात महाराष्ट्रातील देवरायांची पाहणी करून हे मोल अभ्यासकांपुढे मांडले. मंदिराच्या तुळयांसाठी देवरहाटीच तोडली, तर देवीला छप्पर मिळेल, पण अंगण जाईल.

तिसरी गोष्ट माणसांची. शिमग्यात रूपे लागतात, पालखी सजते, ढोल वाजतो आणि देवी सहाणेवरून निघून घरोघर जाते. वर्षभर माणसे देवळात जातात, शिमग्यात देऊळच माणसांकडे येते. पण पूर्वी गावातील काही बांधवांना पायरीच्या खालूनच हात जोडावे लागत, हेही नाकारता येणार नाही. रत्नागिरीत भागोजीशेठ कीर यांनी स्वा. सावरकरांच्या प्रेरणेने बांधलेले पतितपावन मंदिर १९३१ साली सर्व हिंदूंना खुले झाले, ते याच उणिवेवर उत्तर म्हणून.

स्त्रियांच्या बाबतीतही असाच विरोध दिसतो. धोंडो केशव कर्वे दुर्गादेवीच्या मुरूडचे. १८९३ साली त्यांनी विधवेशी विवाह केला, तेव्हा त्याच मुरूडने त्यांच्यावर बहिष्कार घातला. ज्या गावात दुर्गेची आरती होई, त्या गावाला हाडामांसाच्या एका स्त्रीने पुन्हा संसार मांडणे सोसवले नाही. कर्वे डगमगले नाहीत. १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ स्थापिले आणि १९५८ साली ते भारतरत्न झाले. ज्या मुलाला गावाने दूर लोटले, त्याच्यामुळेच पुढे गावाचे नाव देशभर झाले.

आजही कित्येक ठिकाणी ओटीचा मान फक्त सुवासिनीला असतो. पतीच्या मागे मुले वाढविणारी, शेती सांभाळणारी, जीर्णोद्धाराच्या फंडात आपली पै टाकणारी माउली मात्र मागे उभी राहते. देवीला ‘आई’ म्हणायचे आणि आईला गाभाऱ्यापासून दूर ठेवायचे, हे शक्तिउपासनेत बसत नाही. देवीच्या पुढ्यात प्रत्येक लेक माहेरवाशीणच.

मंदिराचा कळस नवा होवो, पण तांदळा जुना राहो, देवरहाटी हिरवी राहो आणि पालखी प्रत्येक दारी थांबो. प्रत्येक लेकीच्या हातची ओटी आईच्या पदरात पडो, हीच ग्रामदेवतेच्या चरणी प्रार्थना.