तक्रारीची शिक्षा

‘एडवर्ड्स विरुद्ध हबीब’ हे नाव आपल्याकडे वकिलांखेरीज फारसे कोणी ऐकलेले नाही. तथापि भाड्याच्या घरात संसार मांडणाऱ्या प्रत्येकाने ते ध्यानी ठेवावे, असे आम्हांस वाटते.

मार्च १९६५ मध्ये वॉशिंग्टन शहरात श्रीमती एडवर्ड्स यांनी महिन्याच्या कराराने एक घर भाड्याने घेतले. घरमालक हबीब घराची दुरवस्था दूर करीना, म्हणून त्यांनी सरकारी तपासणी खात्याकडे तक्रार नोंदविली. तपासणीत आरोग्यविषयक नियमांचे ४० हून अधिक भंग आढळले व दुरुस्तीचा हुकूम सुटला. त्यानंतर मालकाने ३० दिवसांची नोटीस देऊन बाईंनाच घर सोडण्यास सांगितले.

कारण न देता नोटीस देण्याची मुभा कायद्याने मालकाला होती. मग त्याचा हेतू सुडाचा असला तर? खालच्या न्यायालयाने हा हेतू गैरलागू ठरवून मालकाच्या बाजूने निकाल दिला. मे १९६८ मध्ये अपील न्यायालयाने तो फिरविला. न्यायमूर्ती स्केली राइट यांचा युक्तिवाद सरळ होता. सुरक्षित घरांसाठी केलेल्या नियमांची अंमलबजावणी रहिवाशांच्या तक्रारींवरच अवलंबून असते. तक्रार करणाऱ्याला बेघर करता आले, तर इतर सारे मुके होतील आणि नियम कागदावरच राहतील. म्हणून मालक विनाकारण घर रिकामे करून मागू शकेल, परंतु तक्रारीचा सूड म्हणून नव्हे.

या संरक्षणाला मर्यादाही होती. सुडाचा हेतू भाडेकरूनेच सिद्ध करावयाचा होता, आणि दुसऱ्याच्या मनातील हेतू सिद्ध करणे किती कठीण, हे काय सांगावे! तरीही १९७२ च्या तेथील आदर्श भाडेकायद्यात हे तत्त्व समाविष्ट झाले व पुढे अनेक राज्यांनी ते स्वीकारले.

आपल्याकडे १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार भाडेकरूला काढण्यासाठी मालकाला कायद्यात नमूद केलेले कारण दाखवावे लागते. पाणी वा वीज अकारण तोडण्यासही त्याला मनाई आहे. परंतु ‘लीव्ह अँड लायसन्स’वर अकरा महिन्यांसाठी राहणाऱ्या कुटुंबाची मुदत संपली की मालकाने कारण सांगण्याचा प्रश्नच उरत नाही. गळक्या छताविषयी बोलावे की पुढील अकरा महिन्यांचा निवारा जपावा, या पेचात कितीतरी कुटुंबे मौन पत्करतात.

वाचकहो, त्या मौनाला आपण समाधान समजू नये.