बोर्डोचा शोध: 'योगायोग' म्हणण्याआधी जरा थांबा

नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षबागायतदाराला बोर्डो मिश्रण समजावून सांगावं लागत नाही. मोरचूद, चुना आणि पाणी. डाऊनी, म्हणजे केवडा, येऊ नये म्हणून फवारायचं. हे नाव फ्रान्समधल्या बोर्डो शहरावरून आलं. त्यामागची गोष्ट बहुतेकदा अशी सांगतात: चोरांना घाबरवायला वेलींवर काहीतरी शिंपडलं होतं, एका प्राध्यापकानं ते पाहिलं आणि औषध सापडलं. गोष्ट छान आहे, पण संशोधनाची तयारी करणाऱ्याला ती अर्धवटच उपयोगी पडते.

आधी पार्श्वभूमी पाहू. १८६० च्या दशकात फिलोक्सेरा ही मुळांवर जगणारी अमेरिकी कीड फ्रान्सच्या बागा उद्ध्वस्त करू लागली. तिला तोंड देण्यासाठी अमेरिकेतून चिवट द्राक्षवेली आणल्या गेल्या. त्यांच्याबरोबरच केवडाही आला, असं मानलं जातं. १८७८ मध्ये फ्रान्समध्ये त्याची नोंद झाली. पानं गळायची आणि घडात साखर भरायची नाही. एका संकटावरचा उपाय दुसरं संकट घेऊन आला होता.

बोर्डोतले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक अलेक्सी मिलार्दे या रोगाचा अभ्यास आधीपासूनच करत होते. ऑक्टोबर १८८२ मध्ये मेदोक भागातल्या सँ-जुलियँ इथे त्यांना दिसलं, की आतल्या वेली निष्पर्ण झाल्या आहेत, पण रस्त्याकडेच्या वेलींवर पानं टिकून आहेत. त्या पानांवर निळसर थर होता. चौकशी केल्यावर कळलं, की येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षं खाऊ नयेत म्हणून तिथले लोक तांब्याचं क्षार आणि चुना शिंपडतात.

हे दृश्य त्या रस्त्यानं जाणाऱ्या कितीतरी लोकांनी पाहिलं असणार. फरक पडला तो प्रश्नामुळे. 'रोग का आला' हे सगळेच विचारत होते. मिलार्देंनी विचारलं, 'इथे का नाही आला?'

आणि मग काम सुरू झालं. बागेचे व्यवस्थापक एर्नेस्त दाव्हिद यांच्या मदतीनं वेगवेगळी मिश्रणं वेलींवर वापरून पाहिली. रसायनशास्त्रज्ञ युलिस गायों यांच्यासोबत तांब्याचा परिणाम तपासला. निष्कर्ष जाहीर झाले ते १८८५ मध्ये. म्हणजे 'दिसलं' आणि 'सिद्ध झालं' यांच्यात तीन वर्षं गेली. गोष्टीतून नेमकी हीच वर्षं गळतात.

अजून एक दुवा बघा. तांब्यामुळे गव्हाच्या काणी रोगाचे बीजाणू रुजत नाहीत, हे बेनेडिक्ट प्रेव्हो यांनी १८०७ मध्येच दाखवलं होतं. द्राक्षात तांब्याचा असा वापर रुळायला पाऊणशे वर्षं लागली. संदर्भ वाचताना आपल्याच पिकापुरतं वाचलं, तर असं काहीतरी निसटतं.

मिलार्देंच्या कामातून प्रतिबंधाचं तत्त्वही पुढे आलं. तांबं पानाच्या पृष्ठभागावरच काम करतं. रोगाचे बीजाणू पाण्याच्या थेंबात रुजताना ते त्यांना मारतं. एकदा रोग पानाच्या आत शिरला, की त्याचा फार उपयोग नाही. म्हणून फवारणी लक्षणं दिसण्याआधी करावी लागते. (केवड्याला आपण सवयीनं बुरशी म्हणतो, पण आजच्या वर्गीकरणात तो खऱ्या बुरशींत मोडत नाही. म्हणून खऱ्या बुरशीवरचं प्रत्येक औषध त्याच्यावर चालेलच असं नाही.)

पण हिशोब इथे संपत नाही. तांबं विघटित होत नाही, वर्षानुवर्षं मातीत साठत जातं. त्यामुळे युरोपीय संघानं आता सात वर्षांत हेक्टरी २८ किलो तांबं अशी मर्यादा घातली आहे. १८८५ चं उत्तर आज स्वतःच संशोधनाचा प्रश्न झालं आहे.

तेव्हा शेतावर नोंदी घ्यायला जाल, तेव्हा रोगट झाडांइतकीच जागा निरोगी राहिलेल्या झाडांनाही द्या. ती कुठे आहेत, त्यांच्यावर काय पडलं, कोणी आणि कशासाठी टाकलं, हे लिहून ठेवा. आणि त्या शेतकऱ्याला विचारायला लाजू नका.